घरचीच

९ जानेवारी, गुरुवार

चार मारले. पाचवा जेवण झाल्यावर.

उपाशीपोटी खून लिहू नये, विनोद आंबतो. नियम जुनाच आहे. एकोणीस वर्षं दर रविवारी सदर लिहिलं — आधी पोटात दोन घास, मग लोकांचे लचके! गेल्या वर्षी संपादक म्हणाला, "बाई, वाचकांना आता चिमटे नकोत, मिठ्या हव्यात." मिठ्या मला जमत नाहीत. लग्नही त्याच कारणाने टिकलं नाही. सदर गेलं, आणि पन्नाशी उलटल्यावर मी सिनेमाची लेखिका झाले.

गोष्ट दोन ओळींची. बड्या घरात वीस वर्षं राबणारी एक बाई. जो तिला लाडाने म्हणेल, "अगं, तू तर घरचीच!" — तो पुढच्या दहा मिनिटांत मेलेला. हसत हसत मारते. मारून झालं की फरशी पुसते. पुसणार दुसरं कोण?

शब्द सापडला मखमलच्या दिवाणखान्यात. मखमल म्हणजे आमचा निर्माता. घरात मखमली सपाता घालतो, बोलतोही तसाच — पावलांचा आवाज येत नाही. चार महिन्यांपूर्वी पहिल्यांदा गेले तेव्हा एक बाई तासभर ट्रे धरून उभी होती. एका पाहुणीला कळवळा आला. "बस ना गं, उभी काय? तू तर घरचीच!" खोलीत चौदा खुर्च्या होत्या. चौदाच्या चौदा भरलेल्या.

घरी पोचेपर्यंत सिनेमा तयार.

१० जानेवारी

ती ट्रेवाली बाई आता माझ्याकडे आहे. हे लिहायचं राहिलंच.

आईला आठ महिन्यांपूर्वी झटका आला. उजवं अंग गेलं, गिळणं बिघडलं, आणि शब्द उरले तीन — "पाणी", "नको", "चूक". तीस वर्षं मुख्याध्यापिका होती. तिसरा शब्द जाणं शक्यच नव्हतं. माझा पहिला छापील लेखही तिने लाल पेन्सिलीने रक्तबंबाळ करून परत दिला होता. ऱ्हस्व-दीर्घाच्या सात चुका. मजकुराबद्दल अवाक्षर नाही.

पहिले पाच महिने पगारी नर्स होत्या. मग मखमलची आई वारली, तिला सांभाळणारी ती ट्रेवाली मावशी रिकामी झाली, आणि त्याच्या बायकोने, मखमलबाईंनी, ती मला दिली. दिलीच! नवा सोफा आल्यावर जुना द्यावा तशी. "न्या हो बिनधास्त. आमच्या घरचीच आहे ती."

तीन महिने झाले. मावशी आईला उठवते, पुसते, भरवते, पाजते. डॉक्टर येतात तेव्हा सूचनाही तिलाच देतात. मी मधेमधे करत नाही. बाजूच्या खोलीत माणसं मारत असते.

१३ जानेवारी, सोमवार

पाचवा खून मावशीला वाचून दाखवला. ती आईची उशी बदलत होती. म्हटलं बघू तरी, ज्यांचा सिनेमा आहे त्यांना हसू येतं का.

हसली नाही. म्हणाली, "पडद्याच्या दोरीने नाही मरत ताई माणूस. ओढली की आख्खा पडदा डोक्यावर येतो. मी धुवायला काढलेत ना, मला माहीत आहे."

मग बाथटबवाला सांगितला. "ओला माणूस एकटीला नाही आवरत. तिकडच्या आजींना टबातून काढायला दोघी लागायच्या. आणि त्या तर स्वतःहून निघत होत्या."

मग तिसरा, जिन्यावरचा. "गालिचा आहे ना जिन्यावर? मग गडगडत जाईल खाली आणि उठून बसेल. शिव्या देईल वर."

एका बैठकीत तीन खून नापास! आई पलंगावरून: "चूक."

दोघींनी मिळून माझी शाळा घेतली. संध्याकाळी तिन्ही खून नव्याने लिहिले. कितीतरी बरे झालेत. पुढे लिहिताना मावशीला विचारत जावं.

१४ जानेवारी

आई आज दोनदा हसली. डाव्या बाजूने.

१७ जानेवारी, शुक्रवार

आज मावशीला मुद्द्याचं सांगितलं — सिनेमातली बाई का मारते ते. घड्या घालत होती, थांबली.

"घरचीच म्हणतात म्हणून?"

"हो."

"मग पुष्कळ मरतील."

मी खूश. हे वाक्य जसंच्या तसं जाहिरातीत! म्हटलं, "मला कळतो हो त्या शब्दाचा अर्थ. घरचीच म्हणजे सुट्टी नाही, खुर्ची नाही, आजारपण नाही."

"ते आहेच," म्हणाली. "पण ते वरवरचं. घरचीच म्हणजे तोंड बंद. घरचं माणूस बाहेर बोलतं का?"

ओळ वहीत टिपली. मग सातव्या खुनाचं विचारलं. मोठ्या मालकीणबाई, ऐंशीच्या पुढच्या, अंथरुणाला खिळलेल्या. कुठलं विष द्यावं?

"विष कशाला? म्हाताऱ्या माणसाला पाणी पुरतं. भांडं तोंडाला लावायचं आणि पाजायचं. चार दिवसांत छाती भरते. डॉक्टर म्हणतात, वय झालं होतं. पाजणारा म्हणतो, शेवटचं पाणी माझ्या हातचं प्यायली. सगळे रडतात. कोणाला काही धुवावं लागत नाही."

इतक्या शांतपणे! मी विचारलं, पाण्याने कसं काय? तेवढ्यात आतून आई — "पाणी" — आणि ती उठून गेली. मी लिहायला बसले. पानभर झालं. आजवरचं सगळ्यात चांगलं पान.

झोपायच्या आधी सहज विचारलं, माझ्याकडे यायच्या आधी किती घरं केलीत? "तीन." तिथली म्हातारी माणसं? "गेली की तिघंही. म्हणून तर मी तुमच्याकडे."

१८ जानेवारी

तिघंही.

म्हाताऱ्या माणसांना सांभाळणाऱ्या बाईची म्हातारी माणसं मरणारच! नाहीतर काय तरुण होतील? मूर्खासारखे विचार. खून लिहून लिहून डोक्याला बुरशी आली.

२५ जानेवारी, शनिवार

मखमलच्या घरी वाचन. पाहुणे चौदा. खुर्च्या पंधरा — म्हणजे प्रगती आहे!

मला वाटलं होतं, चिडतील. शिव्या देतील. निदान एखादी तरी उठून जाईल. लेखणीला धार काढून नेली होती मी. आणि ते सगळे इतके खूश झाले की मलाच लाज वाटली. प्रत्येकाला मरायचंय! क्लबच्या अध्यक्षीणबाई म्हणाल्या, "माझा खून मध्यंतराच्या आधी नको, तेव्हा लोक खायला उठतात." शर्यतीचे घोडे पाळणारे घोडेवाले काका म्हणाले, "मला टाय लावून मारा. आणि माझ्याच ठेवणीतला." त्यांच्या मेहुणीने मला कोपऱ्यात गाठलं — तिच्या जावेला पाचवा नंबर, मग तिला सहावा का? जाऊबाईंच्या नंतर मरायची नाही ती! मखमलने स्वतःसाठी शेवटचा खून राखून ठेवलाय. "निर्माता आधी मेला तर लोक घरी जातील."

चिमट्याने यांना गुदगुल्या होतात. एकोणीस वर्षं मी बहुतेक हेच करत होते.

दिग्दर्शक तेवढा एक गंभीर. त्याला बाईच्या खुनांमागचं कारण नको आहे. "कारण असलं की प्रेक्षक बाजू घेतात. वेडी दाखवू. वेडी मजेशीर असते." मी म्हटलं, कारण गेलं तर मीही गेले. "बघू," म्हणाला. बघू म्हणजे नाही.

मग सातवा वाचला. मालकीणबाई. पाण्याचं भांडं. शेवटचं पाणी माझ्या हातचं प्यायली.

कोणी हसलं नाही. मखमल पायावर पाय टाकून सपाता हलवत बसला होता. सपाता थांबली.

"हा सीन काढा."

"का?"

"पाण्याने कोणी मरत नाही." या माणसाचा खरा आवाज मी पहिल्यांदा ऐकला. त्याला पावलं होती.

दिग्दर्शकाने सावरून घेतलं. "बरोबर आहे, नुसतं पाणी थंड वाटतं. त्यात काहीतरी घालू या. पांढरी पावडर! चमच्याने ढवळते — जवळून दाखवू — मस्त!"

सपाता पुन्हा हलायला लागली. "हां. पावडर चालेल."

मी पेन्सिलीने "पावडर" लिहिलं. मला वेगळं काही वाटलं नाही. त्याची आई जाऊन चारच महिने झालेत, वाईट वाटलं असेल. एवढंच.

२८ जानेवारी, मंगळवार

मखमलबाईंचा फोन. आधी पाच मिनिटं आईची चौकशी. मग —

"मावशी बोलते का हो तुमच्याशी?"

म्हटलं, बोलते की. माझी निम्मी पटकथा तीच सांगते.

पलीकडचा आवाज एकदम मऊ झाला. मग मखमलबाईंनीही सपाता घातल्या. "जरा जपून हं. तुम्ही आपल्यातल्या म्हणून सांगते. सासूबाई तिच्याच हातून गेल्या आमच्या. आदल्या आठवड्यापर्यंत चांगल्या होत्या. आम्ही बोललो नाही कुठे. घरचीच होती ना."

"हातून गेल्या म्हणजे?"

"म्हणजे... ती होती जवळ. बाकी तुम्ही सुज्ञ आहात."

सुज्ञ! कोणी सुज्ञ म्हटलं की समजावं, आता आपल्याकडून मूर्खपणा करवून घ्यायचाय.

३० जानेवारी

दाराआडून पाहिलं. आपल्याच घरात, दाराआडून!

मावशीने भांड्यात पाणी घेतलं. फडताळातून एक स्टीलचा डबा काढला. वर चिठ्ठी नाही, नाव नाही. पांढरी पावडर. दोन चमचे. ढवळलं, थांबली, पुन्हा ढवळलं. आईला उठवून बसवलं, मान पुढे केली आणि चमच्या-चमच्याने पाजलं.

मी लिहिलेला सीन. तसाच्या तसा. जवळून.

३१ जानेवारी

झोप नाही. विचारावं का सरळ? "मावशी, डब्यात काय आहे?" एवढंच तर विचारायचं. मंत्र्यांना प्रश्न विचारलेत मी. धर्मगुरूंना विचारलेत. घोडेवाल्या काकांना घोड्यांबद्दल विचारलंय. आणि माझ्याच स्वयंपाकघरात एका डब्याबद्दल विचारता येत नाही.

विचारलं आणि निर्दोष असली तर? तीन महिने डबा घरात आहे आणि मला माहीत नाही — ही माझीच शोभा. विचारलं आणि नसली तर?

आणि मी तिला काय काय शिकवलंय! दोरी, टब, जिना. नाही — तिने मला शिकवलंय.

एक ठरवलं. काहीही झालं तरी तोंडातून तो शब्द जाऊ द्यायचा नाही. स्वतःच्याच सिनेमाला घाबरणारी मी जगातली पहिली लेखिका असेन.

१ फेब्रुवारी, शनिवार

मावशी खाली भाजी आणायला गेली, तेव्हा डबा बेसिनमध्ये उपडा केला आणि नळ सोडला.

बेसिन तुंबलं! पावडर फुगली, गोळा झाली, चिकट, पारदर्शक, खळीसारखी. पाणी तिच्यावर थरथरत उभं. विष आहे की डिंक! हाताने उपसून पिशवीत भरलं, पिशवी दुसऱ्या पिशवीत, आणि शेजारच्या इमारतीच्या कचऱ्यात टाकून आले. खुनी प्रेत टाकतो तशी. वाटेत दोघांनी "काय ताई, फिरायला?" म्हणून विचारलं.

२ फेब्रुवारी

मावशीला रजेवर पाठवलं. तिच्या बहिणीकडे. म्हटलं, तुम्हाला विश्रांती नाही, महिनाभर जाऊन या, मी आता घरीच आहे.

ती फडताळापाशी जाऊन आली. मग म्हणाली, "डबा रिकामा आहे."

"हो. मुंग्या झाल्या होत्या."

"त्यात मुंग्या होत नाहीत." लगेच पुढे: "दुसरी आणावी लागेल. डॉक्टरांनी लिहून दिलेला कागद फडताळाच्या दाराला आतून लावलाय. ताई, पाणी तेवढं —"

"कळलं, कळलं. आई माझी आहे, मावशी."

"तुमचीच आहे. मी फक्त पाणी —"

"मावशी, मनाला लावून घेऊ नका. तुमच्यावर का विश्वास नाही? तुम्ही तर घरच्याच."

गेला! तोंडातून गेला! मावशीने पिशवी उचलली, आईच्या कपाळावरून हात फिरवला आणि निघाली. आईने डाव्या हाताने तिचा पदर धरला होता. सोडवावा लागला. मी सोडवला.

३ फेब्रुवारी

हलकं वाटतंय. पहिल्यांदा आई आणि मी, दोघीच.

आता सगळं शुद्ध. बाटल्यांचं पाणी आणलंय, सीलबंद. सील मी स्वतः फोडते. कागद बघितला, इंग्रजी अक्षर डॉक्टरांचं, म्हणजे देवाला विचारावं लागेल. शिवाय कागद लावला कोणी? मावशीनेच. काढून ठेवला.

"पाणी," आई म्हणाली. मी भांडं तोंडाला लावलं. किती तहानलेली होती! घटाघटा. जीव घाबरा होईपर्यंत खोकली, पण प्यायली. हिला तीन महिने चमच्याने पाणी! बिचारी.

४ फेब्रुवारी

"चूक."

"काय चुकलं गं?"

"चूक. चूक."

"अगं, साधं पाणी पाजतेय मी. त्यात कुठलं ऱ्हस्व-दीर्घ आलं?"

मला हसू आलं. तिला खोकला.

५ फेब्रुवारी

आठवा आणि नववा खून संपवले. दिग्दर्शक खूश. कारण काढलं नाहीये अजून. मात्र "कमी" केलंय.

आई पाणी "नको" म्हणते. मी बळेच पाजते. तहान लागत नाही म्हणून पाणी सोडायचं का?

७ फेब्रुवारी

अंग कोमट. बोलताना छातीतून घुरघुर. हवा बदललीय, सगळ्यांनाच आहे.

८ फेब्रुवारी, शनिवार

ताप १०२. डॉक्टर आले. छातीला नळी लावून खूप वेळ ऐकलं. मग विचारलं, "पाण्यात पावडर घालताय ना?"

मी विचारलं, "कुठली?"

"घट्ट करायची. यांचं गिळणं बिघडलंय, पातळ पाणी पोटात जात नाही, श्वासात जातं. मी मावशींना सगळं सांगितलं होतं. उठवून बसवायचं, हनुवटी खाली, घट्ट पाणी, चमच्याने. भांडं तोंडाला अजिबात लावायचं नाही. मावशी कुठे आहेत?"

"रजेवर."

"मग तुम्ही घालताय ना पावडर?"

हजार शब्दांचं सदर दर आठवड्याला. कधी शब्दाला शब्द कमी पडला नाही.

"हो," मी म्हणाले.

त्याच दिवशी, नंतर

मावशीला फोन केला. "या," एवढंच म्हटलं. का म्हणून विचारलं नाही तिने. तासाभरात आली. येताना वाटेत औषधाच्या दुकानातून पावडर घेऊन आली.

आली ती आधी स्वयंपाकघरात गेली. कोपऱ्यात सहा रिकाम्या बाटल्या उभ्या होत्या. त्यांच्याकडे बघितलं. मग बेसिनजवळचं भांडं बघितलं, आईचं, काठोकाठ भरून ठेवलेलं. ते ओतून दिलं. डबा घासला, पुसला आणि नवी पावडर त्यात भरली.

चार दिवसांत छाती भरते. तिने मला सांगितलं होतं! खुर्चीवर बसवून, शांतपणे, मराठीत सांगितलं होतं. मी टिपून घेतलं होतं. पानभर. आजवरचं सगळ्यात चांगलं पान. फक्त दिग्दर्शकाने पावडर घातली, आणि पुढे मला पावडरच दिसत राहिली, पाणी दिसलंच नाही.

आई "चूक" म्हणत होती. तीस वर्षांत तिची एकही खूण चुकलेली नाही.

१० फेब्रुवारी

मावशी पलंगाशी बसून. मी दारात. आईने डोळे उघडले की तिच्याकडे बघते.

१२ फेब्रुवारी

आई गेली. दुपारी सव्वातीनला.

डॉक्टर म्हणाले, वय झालं होतं.

१५ फेब्रुवारी, शनिवार

मखमल आणि मखमलबाई भेटायला आले. पांढऱ्या फुलांची एवढी मोठी टोपली की ती ठेवायला आईचा पलंग लागला.

मखमलबाईंनी माझा हात हातात घेतला. "शेवटचं पाणी कोणी पाजलं?"

"मी."

"नशीबवान आहात. सगळ्यांना नाही मिळत. आमच्याकडे ह्यांनी पाजलं. चांगलं भांडं भरून! मावशी मधे मधे करत होती, नको नको म्हणत होती. ह्यांनी तिला खोलीबाहेरच काढलं. म्हटलं, मुलाच्या हातचं ते मुलाच्या हातचं."

सहज. फुलांवरची पाकळी उचलावी तसं. आपण पंधरवड्यापूर्वी फोनवर काय सांगितलं होतं, हे त्यांच्या लक्षातही नव्हतं. मी मखमलकडे बघितलं. बूट घालून आला होता, तरी पाय खुर्चीखाली ओढून घेतले त्याने. त्याला माहीत होतं का? नकळत झालं की कळून? त्याच्या चेहऱ्यावर मला काही वाचता आलं नाही. माझ्या चेहऱ्यावर त्याला वाचता येत असावं — कारण तो बराच वेळ बघत राहिला आणि मग अगदी हळुवारपणे म्हणाला, "तो पावडरचा सीन तसाच ठेवू या. काय?"

मी मान हलवली. हो अशी.

मावशी चहाचा ट्रे घेऊन उभी होती. मखमलबाई म्हणाल्या, "बस ना गं." खुर्ची रिकामी होती. मावशी बसली नाही.

माझ्या भावाचा, दादाचा, परदेशातून फोन आला तेव्हा मावशीनेच घेतला. मी आतून ऐकत होते. "नाही हो दादा, सगळं नीट झालं. ताईंनी खूप केलं."

१७ फेब्रुवारी, सोमवार

मावशीला नवं घर मिळालं. आजोबा आहेत, ब्याऐंशीचे. दारात पिशवी घेऊन उभी होती.

"मावशी, ती पावडर मी —"

"माहीत आहे. डबा मीच धुतला ना." वाकून चपला घातल्या. "तिन्ही घरांत कुठे बोलले नाही, ताई. इथलंही बोलायची नाही. तुम्ही तर घरच्याच."